‘घरात लहान मूल आहे का?’ एवढं तरी विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर अमली पदार्थांची बातमी नाही असा आठवडा सहसा जात नाही. एमडी (मेफेड्रोन) किती ग्रॅम, बाजारभावानं किंमत किती, सापळा कुठल्या नाक्यावर लावला, कोणत्या पथकानं कारवाई केली, सगळं असतं. मोटारसायकलचा रंगसुद्धा असतो. ती पुडी विकत घेणारा मात्र बातमीत कुठेच नसतो. तो घरी जातो तेव्हा तिथे कोण असतं, हे तर नसतंच.

मी परिचारिका. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेच्या वस्त्यांमध्ये एका सरकारी आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या कामात सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर घोडबंदर रोडच्या बाजूला एका खासगी रुग्णालयात रात्रपाळ्या केल्या. दोन्हीकडे जे पाहिलं त्यावरून लिहिते. व्यसनी माणसाच्या घरातलं तान्हं मूल हा आपल्याकडे कुणाच्याच कामाचा भाग नाही. पोलीस माल बघतात, व्यसनमुक्तीवाले रुग्ण बघतात, आम्ही आरोग्यवाले डोस आणि वजन बघतो. मूल या तिघांच्या मधल्या फटीतून खाली जातं.

एका मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून वस्तीचं नाव लिहीत नाही, एकदोन तपशीलही बदलले आहेत. आई ऐरोलीच्या बाजूला एका आयटी पार्कात हाऊसकीपिंगला, बहुतेक रात्रपाळीच. बाप आधी टेम्पोवर क्लीनर, मग नाक्यावरचा बिगारी, मग काहीच नाही. गांजानं सुरुवात, मग ज्याला पोरं ‘बटण’ म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या, शेवटी एमडी. मुलगी जन्मली पावणेतीन किलोची, चांगली टणटणीत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस वेळच्या वेळी. आईनं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपलेलं, एक डाग नाही त्यावर. सहाव्या महिन्यात वजन सहा किलो शंभर ग्रॅम. आठव्या महिन्यात पाच किलो आठशे. चढत्या वयात काटा खाली आला की दोन शक्यता असतात, एक तर आजार, नाहीतर भरवायला कुणी नाही. आजाराच्या तपासण्या झाल्या होत्या, त्यात काही निघालं नव्हतं.

आशाताईला माहीत होतं की दुपारी कधीही जा, बाप आडवाच असतो. अंगणवाडीच्या बाईंना माहीत होतं की चार वर्षांचा थोरला खिचडी दुसऱ्यांदा मागून घेतो आणि ती खात नाही, डब्यात भरून घरी नेतो. नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला गोळ्या कोण नेतं ते पाठ होतं. बीटच्या हवालदाराला माहीत होतं, कारण बापाला सेवनाच्या गुन्ह्यात एकदा उचलून दंडावर सोडलेलं. मला वजन माहीत होतं. हे सगळं एका कागदावर आलं असतं तर शाळकरी पोरानंही सांगितलं असतं की इथे काहीतरी होणार. पण असा कागदच नाही. वजन उतरल्याचं मी वर लेखी कळवलं, तर उत्तर आलं, ‘सिस्टर, आपलं काम लसीकरण. लोकांच्या घरगुती भानगडीत आपण पडायचं नाही.’

१०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, फोन केला. माणसं आली, आली नाहीत असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी बाप आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. मुलगी झोपलेली. घर झाडलेलं. ‘पालक उपस्थित, मूल सुरक्षित’ असा शेरा झाला आणि विषय मिटला. एमडीवाल्याचं हेच असतं हो. तो दारुड्यासारखा झुलत नाही. दोन-दोन रात्री टक्क जागा, भूक नाही, बडबड भरपूर, कामाला हात लावला तर चौघांचं काम करील. आणि मग एकदम कोसळतो. त्यानंतर कानाशी ढोल वाजवा, उठत नाही. पहिल्या अवस्थेत भेट द्यायला गेलात तर तुम्हाला चुणचुणीत, प्रेमळ बाप दिसणार. दुसऱ्या अवस्थेत घरात कोण जातं? फक्त रडणारं मूल तिथे असतं.

पावसाळ्याच्या तोंडावर मुलीला जुलाब सुरू झाले. आईला सुट्टी मिळाली नाही, कंत्राटी कामात खाडा म्हणजे पगार कापला आणि दुसऱ्यांदा मागितली तर काम गेलं. ती संध्याकाळी ओआरएसचं पाणी करून ठेवून गेली. बाप दोन दिवसांच्या जागरणानंतर त्या रात्री कोसळला. सकाळी आई आली तेव्हा मुलीचे डोळे खोल गेलेले, टाळू दबलेली. रुग्णालयानं ‘आणतानाच मृत’ लिहिलं. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. कारण, जुलाबामुळे शरीरातलं पाणी कमी होणं. यातलं काहीही खोटं नाही. मग जुलाबानं मृत्यू म्हटल्यावर जे व्हायचं ते सगळं अगदी तत्परतेनं झालं. वस्तीतल्या नळांच्या पाण्याचे नमुने घेतले, क्लोरिनच्या गोळ्या आल्या, घरोघर ओआरएसची पाकिटं गेली. नमुने चांगले निघाले.

अशा घरातल्या मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘बापाची नशा’ असं कारण लिहिता येतच नाही. तिथे न्यूमोनिया असतो, भाजणं असतं, पाण्याच्या बादलीत बुडणं असतं, जिन्यावरून पडणं असतं, दूध श्वासनलिकेत जाणं असतं. दारू पिऊन किंवा गोळ्या खाऊन गाढ झोपलेल्या माणसाच्या कुशीत तान्हं बाळ गुदमरतं, त्याला ‘झोपेत गेलं’ म्हणतात आणि आजूबाजूच्या बायका देवाची मर्जी म्हणून रडतात. म्हणूनच आपल्याकडे अशी किती मुलं जातात याचा कुठे हिशेब लागत नाही. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मृत्यूची चौकशी व्हावी अशी राष्ट्रीय आरोग्य अभियानाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आशानं कळवायचं, नर्सनं प्राथमिक चौकशी करायची, मग घरी जाऊन सविस्तर विचारपूस, शेवटी जिल्ह्याच्या पातळीवर आढावा. पद्धत चांगली आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण या मुलीच्या वेळी विचारपूस झाली ती उशीर कुठे झाला याची. आई म्हणाली, ‘मी कामावर होते.’ तेवढं लिहून घेतलं गेलं. घरात दुसरं माणूस होतं की नाही, आणि होतं तर ते कुठल्या स्थितीत होतं, हे विचारणाऱ्याच्या ओठावर आलंही असेल, पण कागदावर आलं नाही.

हे झोपडपट्टीचं दुखणं आहे असं वाचकांपैकी कुणी मनात म्हटलं असेल तर घोडबंदर रोडचं ऐका. स्विमिंग पूलवाल्या संकुलातलं दोन वर्षांचं मूल रात्री साडेअकराला आणलं. ‘झोपेतून उठतच नाहीये.’ ताप नाही, मार लागल्याची खूण नाही. श्वास मिनिटाला जेमतेम दहा-बारा, त्या वयाला दुप्पट तरी हवा. डॉक्टरांनी पापणी वर करून बॅटरी मारली, तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. असा ठिपका दिसला की अफूच्या जातीचं काहीतरी पोटात गेलंय ही शंका नर्सलाही येते. बापाला विचारलं, घरात गोळ्या कुठल्या? ‘आईच्या गुडघेदुखीच्या.’ पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मुलाला नळी घालायची वेळ आली तेव्हा तोंडातून निघालं, ट्रामाडॉल. आईची नव्हे, स्वतःची. रोज पट्टीच्या पट्टी. सोफ्याच्या फटीत एक पट्टी राहिली होती. ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे, पण घेणाऱ्याला ती मिळतेच. नॅलोक्सोन, म्हणजे त्यावरचा उतारा दिला, आयसीयूत ठेवलं, मूल वाचलं. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची नोंद झाली, पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. डिस्चार्ज कार्डावर ‘चुकून औषध सेवन’ आलं आणि बिल भरायला वडील टाय लावून आले. उरलेल्या गोळ्यांचं काय करणार आहात, हे त्यांना कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही.

वस्तीत निदान आशाताई जाते. टॉवरमध्ये रजिस्टरवर सही केल्याशिवाय लिफ्टसुद्धा मिळत नाही. बंद दाराआड काय चाललंय ते कामवाल्या मावशींना ठाऊक असतं, पण त्यांना काम टिकवायचं असतं.

एमडीचं नाव घेतलं की पत्र छापलं जाईल म्हणून मी त्यावरच बोलतेय असं समजू नका. पहिला नंबर दारूचाच. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये आली. १० ते ७५ वयातले १४.६ टक्के लोक दारू पितात, म्हणजे सुमारे १६ कोटी. अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे सव्वादोन कोटी. आता ही माणसं काही पुलाखालीच राहत नाहीत. ती कुणाची तरी नवरे आहेत, बाप आहेत, काही आयासुद्धा आहेत. आपण गर्दुल्ला म्हटलं की रेल्वेच्या रुळाशी बसलेला एकटा माणूस डोळ्यांपुढे आणतो, आणि त्याच्या बायको-पोरांचा विचार तिथेच थांबतो.

कायदा अपुरा आहे म्हणावं तर तसंही नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चा. ज्याचे पालक सांभाळ करायला असमर्थ आहेत असं बालकल्याण समितीला आढळेल, ते मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल ठरतं. अशा मुलाला समितीपुढे कोण आणू शकतं, तर पोलीस, सरकारी नोकर, सामाजिक कार्यकर्ते, आणि कलम ३१ मध्ये चक्क नर्स व डॉक्टरही आहेत. माझ्या अख्ख्या नोकरीत पोलिओची, टीबीची, कोल्ड चेनची प्रशिक्षणं झाली. हे कलम मला निवृत्तीनंतर एका वकीलबाईंनी दाखवलं. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असायला हवा असंही हाच कायदा सांगतो. आपल्या पोलीस ठाण्यात तो कोण, हे वाचकांनी एकदा जाऊन विचारावं. समितीत अध्यक्ष धरून पाच माणसं असतात. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका, आणि पालघर वगळूनही २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८० लाखांवर. समितीवाल्यांना दोष देऊन काय उपयोग, त्यांच्यापर्यंत मूल पोचतं ते सगळं बिघडून झाल्यावर.

वॉर्डात बाल संरक्षण समिती असावी, नगरसेवक अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविकेसह स्थानिक लोक सदस्य, अशीही योजना कागदावर आहे. नवी मुंबईत मे २०२० ला आणि ठाण्यात मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं प्रशासकच होते. नगरसेवकच नव्हते तिथे अध्यक्ष कुठला आणि बैठक कुठली. असते तरी गटार-मीटरच्या पलीकडे त्यांना यात किती रस असता, हा प्रश्न वेगळा.

मग काय, मूल उचलून बालगृहात टाकायचं? मी तसं अजिबात म्हणत नाही. त्या आईला मी एकदा समोर बसवून विचारलं होतं, घरात काय चाललंय ते सांगत का नाहीस. ती म्हणाली, ‘सांगितलं तर पोरं नेतील. नाही सांगितलं तर तो मारील. आणि दोन्हीत माझं काम जाईल.’ ही भीती घालवल्याशिवाय कुठलीच आई तोंड उघडणार नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यानं २०१४ मध्ये गरोदरपणी अमली पदार्थ घेणाऱ्या आयांवर गुन्हा दाखल करायचा कायदा केला. परिणाम असा की तुरुंगाच्या भीतीनं बायका तपासणीलाच येईनाशा झाल्या. दोन वर्षांत त्या कायद्याची मुदत संपली आणि त्यांनी तो वाढवला नाही. आपल्या एनडीपीएस कायद्यात तर उलट सोय आहे. स्वतःहून उपचार घ्यायला येणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या गुन्ह्यातल्या खटल्यापासून कलम ६४-अ संरक्षण देतं. वस्तीत हे किती जणांना सांगितलंय कुणी? पोलिसांच्या भिंतीवर ‘ड्रग्जला नाही म्हणा’चं पोस्टर असतं, हे नसतं.

माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिच्याकडून कळलं की तिथे २००३ मध्येच सरकारच्या सल्लागार मंडळानं ‘हिडन हार्म’ नावाचा अहवाल दिला होता. अमली पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्या आई-बापांची अडीच ते साडेतीन लाख मुलं देशात आहेत असा अंदाज त्यांनी काढला. शिफारशींमधली एक मला फार पटली. व्यसनमुक्तीच्या प्रत्येक केंद्रानं, येणाऱ्या रुग्णाला मुलं आहेत का, याची नोंद ठेवायची. बस्स. व्यसनावरचं मेथाडोन घरी नेणाऱ्यांना ते मुलांच्या हाती लागू नये म्हणून तिथे कुलूपाची पेटी देतात. आधी मुलं गेली, मग पेट्या आल्या, हेही भाचीनंच सांगितलं. तिकडे सगळं आलबेल आहे असं ती म्हणत नाही. मूल दगावल्यावर समित्या बसतात आणि प्रत्येक अहवालात तेच निघतं की सहा खात्यांना सहा गोष्टी माहीत होत्या. पण निदान अहवाल निघतो, नाव वगळून सगळ्यांना वाचायला मिळतो.

माझी मागणी त्या एका शिफारशीएवढीच आहे. व्यसनमुक्ती केंद्रात नाव नोंदवताना, मानसोपचार ओपीडीत, सेवनाच्या गुन्ह्यात पोलिसांनी माणूस पकडल्यावर आणि अशा रुग्णाला सलाईन लावून घरी सोडताना एक प्रश्न विचारला जावा: घरात लहान मूल आहे का, किती वर्षांचं, आणि आत्ता कुणाजवळ आहे? उत्तर ‘हो’ आलं की ते त्या भागातल्या आशा आणि अंगणवाडीला त्याच दिवशी कळावं. नवीन यंत्रणा लागत नाही. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशानं पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा जायचंच असतं, पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा. त्या पहिल्या सहा भेटींचे मिळून तिला २५० रुपये मिळतात, यावर मी काही बोलत नाही. तिला व्यसनी माणसाच्या घरात वेळी-अवेळी पाठवायचं तर सोबत कोण, आणि तिनं जे पाहिलं ते लिहायचं कुठे, एवढं ठरवून द्या. सकाळी अकराला सांगून सरकारी भेट दिली की सरकारी उत्तर मिळतं. खरं घर संध्याकाळी सातनंतर दिसतं.

आणि कळल्यावर करायचं काय, तर आईला वाट दाखवायची. या मुलीची आजी गावाकडे होती, धडधाकट. पालक सांभाळू शकत नसतील तर मूल नातेवाइकांकडे ठेवायला बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात. आजीनं दोन्ही नातवंडं आनंदानं नेली असती. ही योजना ज्याला माहीत होती असा एकही माणूस त्यांच्या दारात गेला नव्हता.

माझ्या आजेसासूबाई लालबागला गिरणीत होत्या. त्या काळी गिरणीतल्या बायका पाळीवर जाताना बाळाला अफूची गोळी देत, बाळागोळी म्हणत तिला. १९२० च्या दशकात डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी सरकारसाठी गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक तान्ह्या मुलांना ही गोळी मिळते असं त्यांनी नोंदवून ठेवलं. आजेसासूबाई सांगत, ‘बाळ रडलं की चाळ उठते, चाळ उठली की खोली जाते.’ काही बाळं त्या झोपेतून उठली नाहीत हेही त्याच सांगत, शेंगा सोलता सोलता, अगदी सहज. त्या बायका काही राक्षसिणी नव्हत्या. त्यांना उपदेश करून गोळी सुटली नसती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, १९४८ च्या कारखाने कायद्यानं पाळणाघर बंधनकारक केलं, मग कुठे बाईला बाळ ठेवायला जागा मिळाली.

आज ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात काचेच्या इमारती रात्रभर पुसल्या जातात. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती झाली. त्या पाळणाघरात कंत्राटदाराच्या हाऊसकीपिंगवालीचं बाळ घेतात का, आणि रात्री दोन वाजता ते उघडं असतं का, हे आपल्या वार्ताहरांनी विचारावं. अंगणवाडीतच पाळणाघर चालवायची केंद्राची ‘पालना’ योजना आहे, ती चांगली आहे, पण ती दिवसाची. व्यसनी बापाच्या हाती रात्री मूल सोपवणारी आई बेफिकीर नसते. तिच्याकडे दुसरा हात नसतो.

शेवटी शेजाऱ्यांसाठी थोडं, कारण पत्र वाचून लोक विचारतील आम्ही काय करू. भिंतीपलीकडून काही कानावर येत असेल तर १०९८ ला फोन करा, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि आपलं नाव गुप्त ठेवा असं सांगता येतं. ‘ते लोक ड्रग्ज घेतात’ अशी सुरुवात करू नका, ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही आणि समोरचा ती पोलिसांची भानगड समजून फोन तिकडे ढकलेल. मुलाबद्दल बोला. वय किती, रात्री कितीपासून कितीपर्यंत रडत होतं, दार ठोठावल्यावर कुणी उघडलं का, घरात मोठं माणूस कोण होतं आणि ते उठत होतं का, मूल शेवटचं बाहेर कधी दिसलं. ज्या वेळी हे घडतं त्या वेळेलाच भेट द्या असं स्पष्ट सांगा. तक्रारीचा क्रमांक मागून लिहून घ्या. माणसं येऊन ‘सर्व ठीक’ म्हणून गेली आणि चार दिवसांनी पुन्हा तेच ऐकू आलं, तर तोच क्रमांक सांगून पुन्हा फोन करा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
खारेगाव, कळवा
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे. त्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून छापू नये, ही विनंती.)